केळं जेवढं, तेवढाच पाव

चुलीवरच्या डब्याला नळी लावून आत काय चाललंय ते ऐकणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. नळी म्हणजे पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची, लाकडाची, एका टोकाला पसरट. गावातल्या बायका तिला पुंगी म्हणत. आमच्या नर्सबाई दिवसभर ती पुंगी बायकांच्या पोटांना लावत आणि पंधरा दिवसांतून एखाद्या संध्याकाळी रॉकेलच्या डब्याला. डब्यात तापीची वाळू, वाळूवर ट्रे, ट्रेमध्ये केळ्याचा पाव आणि वरच्या झाकणावर निखारे. "अजून कुरकुरतोय," त्या सांगत. "आतलं पाणी आटलं की गप्प होईल. तोवर झाकण उघडायचं नाही. कळा चालू असताना कुणी दार उघडतं का?" गरम पत्र्याला लावून लावून पुंगीचं टोक काळं पडलं होतं. नव्या पोटुशी बायका ते पाहून दचकत, तर बाई म्हणत, "घाबरू नकोस, तुला चटका बसणार नाही."

मी त्या गावात मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून गेले, तेव्हा शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम येत होते. शाळेत मी मुलींकडून ग्रॅम पाठ करून घ्यायची, समोरचा दुकानदार शेरातच बोलायचा आणि नर्सबाईंचा सगळा कारभार पौंड-औंसांत चालायचा. गाव तापीकाठचं, शहाद्याच्या बाजूचं. कापूस, ऊस आणि केळी यांवर चालणारं. माझे यजमान धुळ्याला कचेरीत होते. मला जागा मिळाली ती दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये, नर्सबाईंच्या शेजारच्या खोलीत. पुढे दोघींची मिळून पडवी आणि चूल, मधे नुसतं पत्र्याचं पार्टिशन. पलीकडे त्यांनी पेला ठेवला तरी मला कळे, आणि इकडे मी उसासा टाकला तरी पत्र्यापलीकडून आवाज येई, "काय खाल्लंस?"

"कशी आहेस" हा प्रश्न त्यांनी कधी कुणाला विचारला नाही. काय खाल्लंस, कधी खाल्लंस, किती खाल्लंस. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हेच विचारलं होतं आणि साहेबांनी बिचाऱ्यांनी खरंखरं सांगितलं होतं.

बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या. पांढरं पातळ, खांद्यावर उलटं टाचलेलं घड्याळ, बारा महिने हातात छत्री. माहेर कुठलं, सासर कुठलं, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात शिकल्या होत्या आणि तिथल्या मडमेने त्यांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या, एक बाळंतपण आणि दुसरा केळ्याचा पाव. दोन्हींची भाषा त्यांनी कधी वेगळी ठेवली नाही. पाव फुगला की "डोकं दिसायला लागलं" म्हणत, आणि बाळ जन्मलं की "पार्सल आलं."

या पार्सलांची त्यांची एक रीत होती. बाप ओट्यावर वाट पाहत बसलेला असे. बाई बाहेर आल्या की तो उठून मुलगा की मुलगी ते विचारी, "पोऱ्या शे का पोर?"

बाई सांगत, "सहा पौंड दोन औंस."

"तसं नही बाई. पोऱ्या का पोर?"

"सहा पौंड दोन औंस शे."

त्याने हात पुढे करून बाळ घेतलं, ते किती जड आहे ते हाताला कळलं, की मगच त्याला दुसरं उत्तर मिळे. एका पाटलाने रागाने पाठ फिरवली, तर बाईंनी त्याला दुपारपर्यंत कळूच दिलं नव्हतं. शेवटी आला मुकाट्याने हात पुढे करून.

पण मला सांगायचंय ते पावाबद्दल. मडमेच्या दवाखान्यात म्हणे त्याला चार केळी, दोन अंडी आणि लोणी लागायचं, आणि भाजायला विटांची भट्टी होती. बाई या केळीच्या मुलखात बदलून आल्या त्या मोठ्या आनंदात. इथे आल्यावर कळलं की पिकलेलं केळंच गावात मिळत नाही. सगळं पीक हिरवं कापायचं, गाड्या भरायच्या आणि नंदुरबार स्टेशनात वॅगनवर चढवायचं. मागे राहिलेल्या कच्च्या केळ्यांची घरोघर भाजी व्हायची. केळी पिकायची ती दूर कुठल्या तरी शहरात.

पहिल्याच महिन्यात बाईंनी दवाखान्यासमोरच्या जमनाबाईंना विचारलं होतं. या जमनाबाई मोठ्या गुजर शेतकऱ्याच्या घरच्या, घरची केळीची बाग, आणि मनाने बागेपेक्षाही मोठ्या. बाई म्हणाल्या, "मला केळ्याचा पाव करायचाय." दुसऱ्या दिवशी जमनाबाईंनी पावशेर कच्ची केळी काट्यावर नीट तोलून आणून दिली. वर म्हणाल्या, "पावच का व बाई? शेरभर मांगतात तं शेरभर देती ना!" हा किस्सा बाई स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत.

तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. केळं मिळेल तेवढ्याचाच पाव करायचा. रताळं घालून वाढवायचा नाही, भोपळा घालून फुगवायचा नाही. "केळं जेवढं, तेवढाच पाव. नाहीतर त्याला केळ्याचा म्हणायचं कशाला?" एखादं हिरवं केळं हाती आलं की ते गव्हाच्या कोठीत पुरत आणि साल पार काळी पडेपर्यंत हात लावत नसत. मग बाळं तोलायच्या काट्याला झोळी अडकवायच्या आणि झोळीत केळ्याचा गर वाटीत घालून लटकवायच्या. चष्मा कपाळावर चढवून काटा वाचायच्या. गराइतकी कणीक, त्याच्या निम्मा गूळ, त्याच्या निम्मं तूप. अंडी गावात कुणी खात नसे म्हणून दही, आणि चिमूटभर खायचा सोडा. सालीच्या आतल्या बाजूला चिकटलेला गरसुद्धा चमच्याने खरवडून घ्यायच्या. केळं लहान असलं तर पाव तळहाताएवढा व्हायचा, पण बाईंना त्याची लाज नव्हती.

आणि हे सगळं भाजायचं कशात, तर किडनी ट्रेमध्ये. दवाखान्यात रोग्याने ओकायला जो पांढरा वाकडा ट्रे देतात ना, त्यात. त्यामुळे पावाचा आकार वालाच्या दाण्यासारखा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. बाईंनी ट्रे उलटा करून दाखवला. खाली ऑइलपेंटचा लाल ठिपका होता. "लाल ठिपका स्वयंपाकाचा. बिनठिपक्याचा रोग्याचा. या ट्रेने आजवर रोगी पाहिलेला नाही." माझा विश्वास बसायला महिना गेला. बसल्यावर मात्र मी त्या डब्याभोवती मांजरासारखी घुटमळायला लागले.

मग मला दिवस गेले.

हे तिसरं होतं. आधीची दोन सासरी असताना तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेली होती. आमच्या घरात त्याविषयी कुणी बोलत नसे, पण सासूबाई माझ्याकडे पाहताना आधी पोटाकडे पाहत. हे मूल राहिलं नाही तर पुढे काय होणार, ते मला ठाऊक होतं. यजमानांसाठी दुसरी मुलगी पाहायची गोष्ट माझ्या कानावर एकदा आली होती. यजमान स्वभावाने भले, पण आईपुढे तोंड उघडणारे नव्हते.

आषाढात ओकाऱ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. भात राहीना, भाकरी राहीना, पाणीसुद्धा राहीना. कुणाच्या घरी मिरचीची फोडणी पडली की मी इकडे बिनठिपक्याचा ट्रे घेऊन बसायची. खांद्याची हाडं वर आली. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, धुळ्याला हलवा. तापीला पूर होता, होडी बंद होती, आणि पूर ओसरला तरी रस्ता असा की धडधाकट माणसाची आतडी तोंडाशी यावीत. बाई डॉक्टरांना म्हणाल्या, "या रस्त्याने नेलं तर मूल वाटेतच जाईल. ही इथेच राहील." डॉक्टर म्हणाले, जबाबदारी तुमची. बाई म्हणाल्या, "मग कुणाची असणार?"

त्या संध्याकाळी त्यांनी पावाचा एक तुकडा माझ्या हातात ठेवला. सुपारीएवढा. "चावत बस. गिळायची घाई नको." मी चावत बसले. पोट ढवळलं, पण तुकडा राहिला. तासाने दुसरा. तोही राहिला. बाई घड्याळात पाहत समोरच बसून होत्या. दुसऱ्या तासानंतर त्यांनी नुसती मान हलवली आणि उठून गेल्या.

तेव्हापासून मी त्या पावावर जगले. सकाळी शाळेला जाण्याआधी एक तुकडा, मधल्या सुट्टीत एक, संध्याकाळी एक. त्याच्या आधाराने हळूहळू पेज राहायला लागली, मग मऊ भात. पाव संपला की दोन दिवसांत पुन्हा सगळं बाहेर. पंधरा दिवसांतून होणारा पाव आता चार दिवसांनी व्हायला लागला. यजमानांनी एकदा धुळ्याहून डझनभर केळी आणली, ती होडीत आणि गाडीत चेंगरून त्यांचं शिकरण झालं होतं. तरी बाकीची केळी बाईंना कुठून तरी मिळत होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "वानवळा येतो." मी जास्त चौकशी केली नाही. पोटात अन्न राहत होतं आणि मूलही राहिलं होतं.

सासूबाईंना यजमानांकडून कळलं. त्यांचं कार्ड आलं. पाव अजिबात खाऊ नये, तो पायांनी मळतात, आपल्या घरात तो चालत नाही. मी कार्ड हातात धरून रडत बसले. बाईंनी ते घेतलं, वाचलं आणि माझ्यादेखतच उलट टपाली उत्तर लिहिलं. "पत्र मिळालं. पाव मी हातांनी मळते. पायांना दिवसभर दुसरी कामं असतात. सून चार पौंडांनी वाढली आहे." पुन्हा कार्ड आलं नाही.

रोज सकाळी शाळेला निघण्याआधी त्या मला खाटेवर निजवून पुंगी लावत. डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. दुसऱ्या बायकांना एकदाच लावत, माझ्या बाबतीत एवढी खातरजमा कशाला, असं मला वाटे. मी शिकलेली म्हणून माझे जास्त लाड, असा मी अर्थ काढला होता. आपल्याला किती मोठं समजतो आपण!

सातव्या महिन्यात एका दुपारी शाळा लवकर सुटली. बाई शेजारच्या वाडीवर बाळंतिणीकडे गेल्या होत्या. दारात जमनाबाई आल्या, पदराखाली काहीतरी घेऊन.

"मास्तरीणबाई, नरसबाई कोठे गयात?"

मी सांगितलं. त्यांनी पदराखालून केळं काढलं आणि माझ्या हातात न देता उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवलं. "हाई त्यासले द्या. तुम्ही हात नका लावू बरं. जुयं शे."

मी वाकून पाहिलं. जुळं केळं होतं. एका सालीत दोन, मधे शिवण असल्यासारखी रेघ. आमच्याकडेही पोरीबाळींना ते खाऊ देत नसत, खाल्लं तर जुळं होतं म्हणून. मी विचारलं, "बाईंना कशाला?"

जमनाबाई समजावून सांगायला लागल्या. घड कापताना जुळं केळं दिसलं की गावातल्या बाया ते काढून घेत. गाडीत जाऊ देत नसत, कुणा परक्या घरच्या सुनेच्या तोंडी जायला नको म्हणून. "मन्ही सून खात नही, आनि फेकं तं पाप लागस. नरसबाई एकल्या शेतस, त्यासले काय व्हई? दहा सालपाईन आम्हना गावनी जुयी केयं त्याच खाई ऱ्हायन्यात." मग आवाज खाली आणून जावेच्या बाळंतपणाबद्दल म्हणाल्या, "मन्ही जाऊ जुयामाच गयी. दोन्ही पोरे बी गयात."

त्या गेल्या आणि मी त्या केळ्यासमोर भिंतीला टेकून बसले. गावात पिकलेलं केळं नव्हतंच. जे होतं ते हे होतं, दहा वर्षं बाईंकडेच येणारं. तीन-साडेतीन महिने मी दुसरं काही खाल्लंच नव्हतं.

मी शाळेत आरोग्याचा धडा शिकवणारी बाई. अंगारे-धुपारे, नजर, दृष्ट यांवर मुलींना दम देणारी. पण त्या दुपारी मी आजवर खाल्लेले तुकडे बोटांवर मोजायला लागले. माझं एक राहता राहत नव्हतं, तिथे दोन कुठून राहणार? आणि जमनाबाईंची जाऊ तर या समोरच्याच घरातली.

बाई आल्या. केळं पाहिलं, मला पाहिलं, आणि छत्री खुंटीला अडकवली.

"हे जुळं आहे," मी म्हटलं.

"हो."

"आणि आजवरची?"

"तीही."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"सांगितलं असतं तर तू खाल्लं असतंस?"

त्यानंतर मी जे बोलले ते आज लिहितानाही हात अडखळतो. मी म्हटलं, "तुम्हाला मूल ना बाळ. तुम्हाला काय कळणार?"

बाईंनी डबा चुलीवर चढवायला घेतला होता, तो परत कोपऱ्यात ठेवला आणि हात धुऊन आपल्या खोलीत गेल्या. पत्र्यापलीकडून त्या संध्याकाळी "काय खाल्लंस" आलं नाही.

दोन दिवस मी पावाला शिवले नाही. पहिल्या दिवशी पेज राहिली, दुसऱ्या दिवशी तीही नाही. तिसऱ्या दिवशी वर्गात फळ्यासमोर मला अंधारी आली आणि मुलींनी धरून खुर्चीवर बसवलं. पोटातलं हलणंही मंद वाटायला लागलं. जुळं होईल ही भीती एकीकडे आणि काहीच उरणार नाही ही भीती दुसरीकडे. त्या संध्याकाळी मी उठले, फळीवरचा लाल ठिपक्याचा ट्रे काढला आणि बाईंच्या दारात जाऊन उभी राहिले.

"पाव करा, बाई."

"केळं जुळंच आहे," त्या म्हणाल्या.

"असू दे."

त्यांनी ट्रे घेतला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "आधी खा. मग बोल." खाल्ल्यावर मला झोप लागली, आणि ती माफी तेव्हा राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवसापासून पुंगी पुन्हा सुरू झाली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आता मी विचारायची, "एकच आहे ना?"

"एकच वाटतंय."

"वाटतंय म्हणजे?"

"मास्तरीण, मी कानाने ऐकते. आत डोकावता येत नाही मला."

जुळ्या केळ्याला भिणाऱ्या या बायकांना तुम्ही हसता का, असं मी एकदा बाईंना विचारलं. म्हणाल्या, "हसते, पण त्यांची भीती खोटी नाही. डॉक्टर इथून किती कोस, रस्ता कसला, हे त्यांना माहीत आहे. जुळं म्हणजे इथे मरणच, हे त्यांनी पाहिलंय. बिचाऱ्यांनी दोष तेवढा केळ्याला दिला."

पौषात, भर दुपारी, मी बाळंत झाले. बाईंच्या खोलीतच. जमनाबाई उशाशी होत्या, मला घट्ट धरून. त्यांना ठाऊक झालं होतं मी काय खाल्लंय ते. तोंडाने देवाचं नाव चालू होतं आणि माझ्यापेक्षा त्याच जास्त कापत होत्या. मुलगी झाली. रडली, चांगली ठणठणीत रडली. बाईंनी तिला जमनाबाईंच्या हातात दिलं आणि लगेच माझ्या पोटावर हात ठेवला. दाबून पाहिलं. इकडून, तिकडून. पुन्हा दाबलं. एवढी दमलेली मी, पण मला त्यांचा हात कळत होता. दाबून झालेल्या जागेवर तो पुन्हा पुन्हा येत होता. डब्यावर निखारे ठेवताना, अडलेल्या बाईला सोडवताना मी तो हात कितीदा पाहिला होता, तो कधी असा घुटमळलेला मला आठवत नव्हता.

"बाई, काय आहे?" मी विचारलं.

बाई वार पडेपर्यंत थांबल्या, पुन्हा एकदा हात फिरवला, आणि म्हणाल्या, "एकच." मग बाळाला तोललंसुद्धा नाही. बाकीचं जमनाबाईंवर सोपवून तशाच बाहेर ओट्यावर निघून गेल्या. बऱ्याच वेळाने आत आल्या तेव्हा डोळे धुतलेले होते. "साडेपाच पौंड," काटा वाचत म्हणाल्या. यजमान दोन दिवसांनी आले, त्यांनाही आधी एवढंच सांगितलं. त्यांनी निमूट हात पुढे केले.

आता गावाला वाटेल की जुळ्या केळ्याचा बागुलबुवा गेला, असं मला वाटलं होतं. पाचव्या दिवशी जमनाबाई सांगत आल्या, "नरसबाईनी सुरीघाई जुयं सोडं, म्हनीसन एकच पोर ऊनी!" म्हणजे केळ्यात काही दोष होताच, पण बाईंच्या सुरीने तो काढला. झालं. आठवड्यात दवाखान्यासमोर बायका जुळी केळी घेऊन उभ्या. "आम्हनंबी कापी द्या." बाई भडकल्या. छत्री आपटली. "अगं, कुठल्याही विळीने कापा!" म्हणून ओरडल्या. कुणी हलेना. आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं की ज्या पोटुशींना घरात कुणी केळं देत नव्हतं, त्यांच्या हातात आज केळं आहे आणि त्या ते खायला तयार आहेत. सुरी आणून मुकाट्याने कापत बसल्या. प्रत्येकीने आपलं केळं तिथेच, त्यांच्यासमोर खायचं, एवढी अट घातली.

बाईंना मात्र पुन्हा केळं मिळेनासं झालं. लाल ठिपक्याच्या ट्रेमध्ये त्यांनी सुया ठेवायला सुरुवात केली. मी हळहळले, तर म्हणाल्या, "मला कुठे ओकाऱ्या होतायत?" तेव्हा माझ्या डोक्यात आलं की त्या साऱ्या महिन्यांत मी त्यांना पावाचा एक तुकडाही तोंडात टाकताना पाहिलं नव्हतं. एवढी आवड असलेली बाई, आणि मला कधी "तुम्ही घ्या" म्हणायचंही सुचलं नव्हतं.

चाळिसाव्या दिवशी यजमान न्यायला आले. सासूबाईंनी सोन्याचा मणी पाठवला होता, नातीसाठी. गाडी दारात उभी होती. बाई मुलीला दुपट्यात गुंडाळत होत्या, तेवढ्यात मी विचारून घेतलं, "त्या दिवशी तुम्ही बाहेर का गेलात?"

"रडायला."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्या दुपट्याची घडी सारखी करत राहिल्या. "मला वाटलं होतं, दोन निघतील."

"तुम्हाला?"

"मला. दहा वर्षं हसतेय मी या बायांना. पण तुझ्या हातात पहिला तुकडा ठेवला त्या संध्याकाळपासून एक दिवस सुखाचा गेला नाही. केळं कापताना हात थांबायचा. वाटायचं, त्यांचंच खरं निघालं तर? या गावात जुळ्यांची दोन बाळंतपणं केलीत मी. दोन्ही वेळा आई माझ्या हातात गेली. जमनाबाईची जाऊ त्यातली एक."

"मग रोज देत कशाला होतात मला?"

बाईंनी मान वर करून पाहिलं. अगदी सोपं गणित चुकलेल्या मुलीकडे मी पाहते तसं.

"तुला दुसरं काही पचत नव्हतं ना गं," त्या म्हणाल्या, आणि मुलगी माझ्या हातात दिली.

मी वाकून पायांना हात लावला, तर पाय मागे घेतले. गाडी तापीपर्यंत गेली, होडीतून आम्ही पलीकडे उतरलो, तरी माझं रडं थांबत नव्हतं. यजमान बिचारे समजूत घालत होते की धुळ्यालाही चांगल्या शाळा आहेत.